पक्षाघात: जगाने आपापले नियम लिहिले, पुण्याने कधी लिहायचे?

मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज हे इंजेक्शन आपल्या पुण्यात बनतं. हिंजवडीची जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स ही कंपनी ते तयार करते. पक्षाघातावर ते वापरायला भारताच्या औषध महानियंत्रकांनी परवानगी दिली, त्याला बरीच वर्षं झाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टेनेक्टेप्लेजला पक्षाघातासाठी मान्यता दिली ती मार्च २०२५ मध्ये. या एका बाबतीत आपण अमेरिकेच्या पुढे होतो. तरीही सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एखाद्याच्या अंगावरून उद्या पहाटे वारं गेलं, तर ते इंजेक्शन त्याला वेळेत मिळेलच, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मी वडगाव बुद्रुकला जनरल प्रॅक्टिस करते. सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांमधले, धायरी-नऱ्ह्याचे, खडकवासल्यापलीकडून एसटीने येणारे असे माझे पेशंट. अर्धांगवायू झालेला माणूस न्यूरॉलॉजिस्टच्या आधी बहुतेक वेळा माझ्यासारख्या डॉक्टरच्या दारात येतो, नाहीतर त्याच्या घरून फोन येतो. तेव्हा काय सांगायचं ते नीट ठाऊक असावं म्हणून मी वेगवेगळ्या देशांच्या मार्गदर्शक सूचना शेजारी शेजारी ठेवून वाचत आले आहे. अमेरिकेच्या, युरोपच्या, ब्रिटनच्या, जपानच्या, चीनच्या आणि आपल्याही.

त्या वाचनातून माझं एक मत पक्कं झालं. या सूचनांमध्ये फरक आहेत, ते शास्त्र कच्चं आहे म्हणून नव्हे. प्रत्येक देशाने आपली माणसं, आपले रस्ते आणि आपली तिजोरी पाहून नियम लिहिला. पुण्यात औषध आहे, सीटी स्कॅनची यंत्रं आहेत, उत्तम तज्ज्ञ आहेत. पण ‘पुण्यात पक्षाघात झाला तर कुठे जायचं आणि पहिल्या तासात काय व्हायलाच हवं’ हे सांगणारा, सगळ्या रुग्णालयांना बांधील असलेला एक कागद माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर लावायला मला आजवर मिळालेला नाही. तो कागद महापालिकेने आणि राज्याच्या आरोग्य विभागाने आता लिहावा, एवढंच मला सांगायचं आहे. पण तो का लिहावा, हे कळायला जगाने काय केलं ते पाहावं लागेल.

पक्षाघात दोन तऱ्हांचा असतो. एकात रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. दुसऱ्यात गुठळीने वाहिनी बंद होते आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो; पक्षाघाताचे बहुसंख्य रुग्ण या दुसऱ्या प्रकारचे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलेलं. डॉक्टर कितीही अनुभवी असो, सीटी केल्याशिवाय फरक सांगता येत नाही. आणि उपचार तर परस्परविरुद्ध आहेत. गुठळी विरघळवणारं औषध रक्तस्राव झालेल्याला दिलं तर जीव जाऊ शकतो. मेंदूची मोठी वाहिनी बंद झाल्यावर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशोब जेफ्री सेव्हर या अमेरिकी न्यूरॉलॉजिस्टने २००६ मध्ये मांडला. घड्याळ हाच या आजाराच्या उपचाराचा पाया मानला जातो.

गुठळीवरचं पहिलं सिद्ध औषध अल्टेप्लेज. अमेरिकेत १९९५ मध्ये ६२४ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या रुग्णांपैकी तीन महिन्यांनी जवळजवळ ठणठणीत असलेल्यांचं प्रमाण औषध न मिळालेल्यांपेक्षा लक्षणीय जास्त होतं. किंमतही होती: मेंदूत रक्तस्राव होऊन प्रकृती बिघडण्याचं प्रमाण औषध मिळालेल्यांमध्ये ६.४ टक्के, न मिळालेल्यांमध्ये ०.६ टक्के. फायदा आणि धोका असे एकत्र समोर आले, आणि पुढचे सगळे मतभेद या दोन बाजूंभोवतीच फिरत राहिले. अमेरिकेने १९९६ मध्ये तीन तासांची मर्यादा घालून औषध मंजूर केलं. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने दाखवलं की साडेचार तासांपर्यंतही फायदा होतो. युरोपने मर्यादा वाढवली. अमेरिकेत आजही औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात तीनच तास आहेत, पण तिथल्या हृदय आणि पक्षाघात संघटनेच्या सूचना साडेचार तास मानतात. एकाच देशात दोन घड्याळं चालतात, आणि डॉक्टर संघटनेचं घड्याळ पाहून उपचार करतात.

जपानची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. जगभर अल्टेप्लेजचा डोस वजनाच्या किलोमागे ०.९ मिलिग्रॅम. जपानी डॉक्टरांना आपल्या लोकांमध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाची भीती जास्त वाटत होती. त्यांनी ०.६ मिलिग्रॅमने १०३ रुग्णांवर अभ्यास केला, निकाल पाश्चात्त्य आकड्यांच्या तोडीचे आले आणि २००५ मध्ये जपानने तोच डोस मंजूर केला. साठ किलोच्या माणसाला न्यूयॉर्कमध्ये ५४ मिलिग्रॅम मिळतात, टोकियोत ३६. मग प्रश्न उभा राहिला की सगळ्या आशियाई लोकांना कमी डोसच पुरेल का? त्यासाठी १३ देशांत सुमारे ३,३०० रुग्णांवर मोठी चाचणी झाली, त्यात बहुसंख्य आशियाई होते. २०१६ मध्ये उत्तर आलं, आणि ते सरळ नव्हतं. कमी डोसने गंभीर रक्तस्राव निम्म्यावर आला, २.१ टक्क्यांवरून १ टक्क्यावर. पण अपंगत्व टाळण्यात कमी डोस पूर्ण डोसइतकाच चांगला आहे, हे सिद्ध झालं नाही. जगाने ०.९ कायम ठेवला, जपानने ०.६. मला यात जपानचा हट्ट दिसत नाही. आपल्या रुग्णांविषयी प्रश्न विचारून, तपासून, उत्तर कागदावर उतरवण्याची जबाबदारी त्या देशाने घेतली, हे दिसतं.

चीनने वेगळी वाट धरली. तिथल्या २०१८ च्या सूचनांत अल्टेप्लेज देणं शक्य नसेल तर सहा तासांच्या आत युरोकायनेज हे जुनं, स्वस्त औषध वापरण्याची मुभा आहे. अमेरिकेच्या सूचनांत हे दिसणार नाही. पण लहान जिल्ह्यांतली रुग्णालयं डोळ्यांसमोर ठेवून लिहिणाऱ्याला हे लिहावंच लागतं. त्याबरोबरच चीनने स्वतःच्या हजारो रुग्णांवर चाचण्या केल्या. टेनेक्टेप्लेजची तिथली मोठी चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, रेटेप्लेज या आणखी एका औषधाची २०२४ मध्ये. आता जगाच्या सूचनांना चीनच्या पुराव्याकडे पाहावं लागतं.

इथे आपला हिंजवडीचा विषय पुन्हा येतो. अल्टेप्लेज देताना दहावा हिस्सा एकदम टोचायचा आणि उरलेलं औषध तासभर पंपाने सोडायचं असतं. टेनेक्टेप्लेज एकाच वेळी, काही सेकंदांत टोचून होतं. तालुक्याच्या गावी इंजेक्शन देऊन रुग्णाला लगेच मोठ्या रुग्णालयाकडे हलवायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे. मात्र डोसबाबत आपण आणि जग वेगळे आहोत. हिंजवडीच्या औषधाला भारतात पक्षाघातासाठी सुरुवातीला मंजूर झालेला डोस किलोमागे ०.२ मिलिग्रॅम; कॅनडा, युरोप, ब्रिटन, चीन आणि आता अमेरिकाही ०.२५ वर आली आहे. नॉर्वेतल्या चाचणीत ०.४ चा डोस मध्यम आणि तीव्र झटक्यात घातक ठरला, म्हणून तो मागे पडला. साठ किलोच्या माणसाला आपल्याकडे १२ मिलिग्रॅम आणि टोरंटोत १५, एवढाच हा फरक. तो योग्य आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरला नाही. पण एक खंत बोलून दाखवते. औषध आपल्या हातात आधी आलं आणि जगाच्या सूचना बदलल्या त्या प्रामुख्याने इतरांच्या पुराव्यावर. अमेरिकेच्या मंजुरीचा आधार २०२२ मध्ये कॅनडात पूर्ण झालेली चाचणी होती. पुण्यातल्या प्रत्येक रुग्णालयाने या इंजेक्शनच्या प्रत्येक रुग्णाची नोंद एका समाईक वहीत केली असती, तर ०.२ की ०.२५ यावर आज आपला शब्द जगाने ऐकला असता.

वेळेच्या मर्यादाही आता सैल झाल्या आहेत, पण कुणासाठी, हे पाहावं लागेल. २०१५ मध्ये एकापाठोपाठ पाच चाचण्यांनी सिद्ध केलं की मोठ्या वाहिनीतली गुठळी मांडीतून तार घालून बाहेर ओढता येते आणि त्याने माणूस वाचतो. २०१८ मध्ये ही मर्यादा निवडक रुग्णांसाठी २४ तासांपर्यंत गेली. झोपेतून उठल्यावर अर्धांगवायू लक्षात आलेल्यांना एमआरआय पाहून इंजेक्शन देता येतं, हेही त्याच वर्षी सिद्ध झालं. पुढे रक्तप्रवाहाचा नकाशा दाखवणाऱ्या तपासणीच्या आधाराने इंजेक्शनची मर्यादा नऊ तासांवर नेता आली, आणि युरोपच्या २०२१ च्या सूचनांनी ती स्वीकारली. या सगळ्याला रात्री-अपरात्री सुरू असणारं यंत्र, ते वाचणारा डॉक्टर आणि कॅथलॅब लागते. हे जिथे नाही तिथे ‘२४ तास’ हा शब्द धोक्याचा ठरतो, कारण घरचे म्हणतात, ‘चोवीस तास आहेत ना, उद्या सकाळी नेऊ.’ माझ्या पेशंटना मी कधीच २४ तास सांगत नाही. आत्ता निघा, एवढंच सांगते.

काही औषधांवर देशादेशांत टोकाचा फरक आहे. जपानने एडारावोन हे मेंदूच्या पेशी वाचवण्याचा दावा असलेलं औषध २००१ मध्येच मंजूर केलं आणि तिथल्या सूचनांत त्याला जागा आहे. अमेरिकेच्या २०१९ च्या सूचना अशा औषधांची शिफारस करत नाहीत. सिटिकोलिन आपल्याकडे डिस्चार्ज कार्डांवर सर्रास दिसतं; त्याच्या सुमारे २,३०० रुग्णांवरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१२ मध्ये फायदा आढळला नाही. मला हे आवर्जून सांगावंसं वाटतं, कारण माझ्याकडे येणारी कुटुंबं या गोळ्यांवर आणि सलाइनवर महिनोन्‌महिने पैसे घालतात आणि व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टला बोलवायला त्यांच्याकडे काही उरत नाही. आपल्या नियमात ‘काय द्यायचं’ इतकंच ‘कशावर पैसे घालवायचे नाहीत’ हेही ठळक अक्षरांत हवं.

एवढे फरक मोजल्यावर साम्य मोजलं, तर ते अधिक मोठं निघतं. सगळे देश म्हणतात: रुग्ण दारात आल्यावर आधी सीटी. दारापासून सुईपर्यंत जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तितकं बरं. इंजेक्शन द्यायचं असेल तर रक्तदाब १८५/११० च्या खाली आणा. द्यायचं नसेल तर तो २२०/१२० च्या वर जाईपर्यंत सहसा हात लावू नका. रक्तातली साखर लगेच तपासा. गिळता येतं की नाही हे पाहिल्याशिवाय तोंडावाटे पाणीसुद्धा नको. आणि पक्षाघाताचा रुग्ण पक्षाघातासाठीच्या खास वॉर्डात ठेवा, जिथे नर्स, फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ एकत्र काम करतात. यातल्या बहुतेक गोष्टींना परदेशी यंत्र लागत नाही. शिस्त लागते.

आणि तीच आमच्या रस्त्यावर मोडते. बीपी वाढलं म्हणून डेपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवण्याची सवय अजून गेलेली नाही. पक्षाघातात रक्तदाब असा धाडकन खाली आणला तर मेंदूचा जो भाग अजून तग धरून आहे त्याचाही रक्तपुरवठा आटतो. शेजारचे ‘अ‍ॅटॅक असेल’ म्हणून अ‍ॅस्पिरिन चघळायला लावतात. रक्तस्राव असेल तर तेच घातक. कुणी चमच्याने साखरपाणी पाजतं आणि ते श्वासनलिकेत जातं. कुणी लकव्यावरच्या हमखास औषधासाठी गाडी भलत्याच गावाकडे वळवतं. यातला कुणीही माणूस वाईट हेतूने काही करत नाही. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

धायरीच्या एका रिक्षाचालकाचं मला विसरता येत नाही. पहाटे चहा घेताना त्यांच्या हातून कप पडला. मुलीने मला फोन केला, ‘डॉक्टर, बाबांचं तोंड वाकडं झालंय, बोलताही येईना.’ मी सांगितलं, थांबू नकोस, सीटी असलेल्या रुग्णालयात ने. ती वेळेत निघाली. पहिल्या ठिकाणी सीटीचा तंत्रज्ञ आठनंतर येणार होता. दुसऱ्या ठिकाणी सीटी झाला, रक्तस्राव नाही हेही कळलं, पण इंजेक्शन आणण्याआधी काउंटरवर जी रक्कम भरायला सांगितली ती तिच्याकडे नव्हती. काका नसरापूरहून निघाले होते, मामा हडपसरहून. पैसे जमले, सही झाली, तोवर साडेचार तास उलटून गेले होते. आज ते काठी घेऊन चालतात, उजव्या हाताने अ‍ॅक्सिलरेटर फिरवता येत नाही, रिक्षा विकली. त्या मुलीने सगळं बरोबर केलं होतं. कोणत्याही देशाच्या मार्गदर्शक सूचनांत तिच्या बाजूची एकही चूक सापडणार नाही.

म्हणूनच मला डोसच्या वादापेक्षा हेलसिंकीची गोष्ट जवळची वाटते. फिनलंडच्या त्या राजधानीत विद्यापीठाच्या रुग्णालयाला १९९८ मध्ये दारापासून सुईपर्यंत साधारण १०५ मिनिटं लागत. २०११ पर्यंत त्यांनी ती २० वर आणली. नवं औषध शोधलं नाही. रुग्णवाहिकेतूनच रुग्णालयाला फोन, रुग्णाची माहिती आधीच कागदावर, रुग्ण पलंगावर न टाकता थेट सीटीच्या टेबलावर, आणि औषध सीटीच्या खोलीतच टोचायचं. अशा छोट्या छोट्या बारा गोष्टी त्यांनी एकामागून एक बदलल्या. लंडनने २०१० मध्ये आणखी धाडसी पाऊल उचललं. तोवर तिथलं जवळजवळ प्रत्येक रुग्णालय पक्षाघाताचे रुग्ण घेत असे. शहराने ठरवलं की पहिल्या तासांचे उपचार फक्त आठ केंद्रांत होतील आणि रुग्णवाहिका जवळच्या रुग्णालयाच्या दारावरून पुढे जाऊन थेट त्या आठांपैकी एकात जाईल. लोकांनी विरोध केला, रुग्णालयांनी केला. नंतरच्या अभ्यासाने दाखवलं की त्यामुळे मृत्यू घटले.

हे श्रीमंत देशांचं, असं कुणी म्हणेल. मग हिमाचल प्रदेश पाहा. २०१४ पासून तिथे सीटी असलेल्या जिल्हा रुग्णालयांतले फिजिशियन मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या न्यूरॉलॉजिस्टना मोबाइलवर सीटीचे फोटो पाठवून, त्यांच्या सल्ल्याने गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात, आणि ते सरकार मोफत पुरवतं. डोंगराळ राज्य, न्यूरॉलॉजिस्ट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तरी त्यांनी नियम लिहिला. आसामात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सीटी यंत्र बसवलेली रुग्णवाहिका दिब्रुगड आणि तेजपूर परिसरात चालवली. तिथे उपचार मिळायला लागणारा वेळ सुमारे २४ तासांवरून २ तासांवर आला. जे चहाच्या मळ्यांमधून जमतं ते सिंहगड रस्त्यावरून जमणार नाही, हे मला मान्य नाही.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये पक्षाघातासाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. ती उपयोगी आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत टेनेक्टेप्लेज आलं. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुकडे सगळे आहेत. पण देशाची पुस्तिका वेल्ह्याहून पाबे घाट ओलांडून येणाऱ्या गाडीला सांगू शकत नाही की खडकवासला ओलांडल्यावर कुठल्या दारात जायचं. ते पुण्यानेच सांगायला हवं.

पैशांचा प्रश्न कायद्याने कधीच सोडवला आहे. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जीव वाचवण्याची जबाबदारी प्रत्येक डॉक्टरची आहे, मग तो सरकारी असो वा खासगी. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या खटल्यात सरकारी रुग्णालयांनी तातडीचे उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. अडचण अशी की अपघाताचा रक्तबंबाळ माणूस तातडीचा वाटतो, आणि वाकड्या तोंडाने खुर्चीत बसलेला माणूस तातडीचा वाटत नाही. नियमात स्पष्ट लिहिलं पाहिजे की साडेचार तासांच्या आत आलेला पक्षाघात म्हणजे तातडीचाच रुग्ण, आणि त्याचं इंजेक्शन बिलाची वाट पाहणार नाही.

संमतीचंही तसंच. आपल्याकडे निर्णय एकटा रुग्ण किंवा एकटी बायको घेत नाही. मोठा भाऊ, दीर, गावाकडचे काका सगळ्यांना विचारावं लागतं, आणि ‘रक्तस्राव होऊ शकतो’ हे शब्द ऐकल्यावर कुणाचाही हात सहीसाठी उठत नाही. अमेरिकेच्या सूचना म्हणतात की रुग्णाला निर्णय घेता येत नसेल आणि त्याच्या वतीने सांगणारं जवळचं कुणी हजर नसेल, तरी उपचार करणं योग्य आहे. आपल्या घरांचा स्वभाव पाहून आपला मजकूर वेगळा हवा. एका पानाचा, साध्या मराठीतला संमतीचा कागद, ज्यात इंजेक्शन दिल्यावर काय होऊ शकतं आणि न दिल्यावर काय होऊ शकतं हे दोन्ही समोरासमोर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल. आज फक्त पहिलं सांगितलं जातं.

काही आक्षेप मी माझ्या डॉक्टर मित्रांकडून ऐकले आहेत. एक, रक्तस्राव झाला तर नातेवाईक रुग्णालय फोडतील. ही भीती खरी आहे, आणि म्हणूनच शहराचा लिखित नियम डॉक्टरलाही वाचवतो. त्याने नियम पाळला हे दाखवता येतं. दोन, लहान रुग्णालयांचे रुग्ण जातील. जातील, काही तासांसाठी. पुढची काळजी, व्यायाम, बीपी-शुगरचा पाठपुरावा हे काम महिनोन्‌महिन्यांचं आहे आणि ते घराजवळच व्हायला हवं. तीन, जगातले तज्ज्ञच एकमेकांशी सहमत नाहीत, मग पुण्याने कुठला नियम घ्यायचा? याचं उत्तर वर आलं. मतभेद डोसच्या दशांशात आहेत आणि वाढीव तासांत आहेत. पहिल्या तासात काय करायचं, यावर जगात मतभेद नाही. तेवढ्यापुरता नियम आजच लिहिता येतो.

तो कसा असावा? पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी मिळून, चोवीस तास सीटी आणि इंजेक्शन देण्याची हमी देणाऱ्या रुग्णालयांची यादी जाहीर करावी. त्यात सरकारी, धर्मादाय, खासगी सगळी यावीत. गुठळी ओढून काढण्याची सोय कुठे आहे ते वेगळं दाखवावं. १०८ च्या नियंत्रण कक्षाला ती यादी रोज अद्ययावत मिळावी आणि गाडी निघतानाच रुग्णालयाला फोन जावा. औषधाचा साठा रुग्णालयाच्या तातडी विभागात असावा. त्यासाठी लागणारा फिरता निधी महापालिकेने ठेवावा आणि फुले योजनेतून नंतर वळता करून घ्यावा. प्रत्येक केंद्राने दर तीन महिन्यांनी दारापासून सुईपर्यंत किती मिनिटं लागली आणि तीन महिन्यांनी किती रुग्ण आपल्या पायावर चालतात, हे दोन आकडे जाहीर करावेत. भोर, वेल्हे, मुळशीच्या ग्रामीण रुग्णालयांना हिमाचलसारखा फोनवरचा न्यूरॉलॉजिस्ट मिळावा. आणि प्रत्येक जनरल प्रॅक्टिशनरच्या, मेडिकल दुकानाच्या, रिक्षास्टँडच्या भिंतीवर एक कागद लागावा: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं, तर रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून घ्या, तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा, आणि या यादीतल्या रुग्णालयात जा.

या प्रत्येक गोष्टीचा नमुना जगात कुठेतरी चालू आहे. औषध तर आपल्याच गावात बनतं. उरतो तो निर्णय, आणि तो महापालिका आयुक्त, आरोग्यप्रमुख आणि शहरातल्या मोठ्या रुग्णालयांच्या विश्वस्तांनी एका टेबलाभोवती बसून घ्यायचा आहे. त्या बैठकीला फॅमिली डॉक्टरांच्या संघटनांना बोलवा. आम्ही येऊ, आणि पहिला फोन आमच्याकडे येतो म्हणून पहिली जबाबदारीही घेऊ.